कुंपणाच्या लाकडी पॅनलला पट्टी मारताना लाकूड फुटू नये म्हणून काय, कधी आणि कुठल्या क्रमाने करायचं

पट्टी दोन वेळा फुटते. पहिल्यांदा आपण खिळा ठोकताना किंवा स्क्रू आवळताना, डोळ्यांसमोर, टचकन आवाज येऊन. दुसऱ्यांदा काम संपवून चार-सहा महिने झाल्यावर, कुणी हातसुद्धा न लावता. पहिल्या फुटण्याबद्दल सगळे बोलतात, दुसऱ्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही आणि आपल्या सोलापुरात जास्त नुकसान या दुसऱ्यानेच होतंय, कारण मे महिन्यातलं ४२-४३ अंशाचं कोरडं ऊन आणि नंतर सप्टेंबरात दणकून येणारा पाऊस, या दोन्हीमध्ये लाकूड आकसतं आणि फुगतं, आणि आपण त्याला हलायला जागाच ठेवलेली नसते.

जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड, कुठेही बागेचं लाकडी कुंपण नीट बघा, पट्टीची टोकं फुटलेली दिसतील, बरोबर खिळ्यापासून निघून टोकापर्यंत गेलेली चीर. लोक म्हणतात लाकूड हलकं दिलं. बऱ्याचदा लाकूड चांगलंच असतं, कामाचा क्रम उलटा झालेला असतो. म्हणून खाली सगळं क्रमाने लिहितोय, मधलं काही गाळू नका.

## १. आधी ठरवा, पट्टी कुठली आणि ती कशावर बसणार

पॅनल म्हणजे मागे एक चौकट, तिच्यावर उभ्या फळ्या. त्यावर आपण साधारण तीन प्रकारची पट्टी लावतो. एक, फळ्यांवरून आडवी जाणारी. दोन, दोन फळ्यांमधली फट झाकणारी उभी पट्टी. तीन, वरच्या कडेला टोपीसारखी बसणारी, जी पाणी आत जाऊ देत नाही.

तिन्ही एकाच पद्धतीने ठोकल्या जातात, आणि गडबड तिथूनच सुरू होते. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत हलतं. सागाची ६ इंच रुंद फळी घ्या, भर पावसाळा आणि भर उन्हाळा यात तिच्या रुंदीत दीड-दोन मिलिमीटरचा फरक सहज पडतो, पाईनमध्ये त्याहून थोडा जास्तच. ऐकायला कमी वाटतंय, पण दोन पक्क्या स्क्रूंमध्ये अडकलेल्या फळीला तेवढंच पुरतं.

मग तीन नियम असे. आडव्या पट्टीचा प्रत्येक फळीत एकच स्क्रू, तोही फळीच्या मधोमध, म्हणजे फळी दोन्ही बाजूंना मोकळी हलेल. फट झाकणारी पट्टी एकाच फळीला पक्की करायची, दुसऱ्या फळीवर ती नुसती टेकलेली असू द्या. आणि टोपी पट्टी शक्यतो चौकटीत बसवायची, फळ्यांच्या डोक्यात नाही. फळीच्या डोक्यात, म्हणजे जिथे लाकडाच्या रेषांची (धाग्यांची) तोंडं दिसतात तिथे, स्क्रूची पकड कमी असते आणि फळी वरून खाली चिरते.

तपासा: कागदावर पॅनलचं साधं चित्र काढा आणि प्रत्येक स्क्रूची जागा ठिपक्याने दाखवा. कुठल्याही एका फळीत आडव्या पट्टीचे दोन ठिपके शेजारी दिसले तर एक खोडा.

## २. लाकूड घेणं आणि त्याला घराची सवय लावणं

वखारीत गेल्यावर पट्टी उचला आणि डोळ्याजवळ धरून लांबीत बघा, वाकडी आहे का. मग दोन्ही टोकं बघा. टोकाला केसाएवढी जरी चीर दिसली तरी ती आत बोट-दोन बोटं गेलेली असते, तेवढं कापून टाकूनच मोजायचं. रेषा पट्टीच्या लांबीला समांतर हव्यात. रेषा तिरक्या जाऊन कडेतून बाहेर पडत असतील तर ती पट्टी घेऊच नका, कितीही स्वस्त असू दे, कारण चीर नेहमी रेषेच्या वाटेने पळते. गाठ असेल तर ती टोकाजवळ नको.

लाकूड कुठलं घ्यायचं हे खिशावर आहे. साग सगळ्यात कमी हलतो आणि बाहेर टिकतो. बाभूळ आपल्याकडे मिळते, टणक असते, पण भोक न पाडता त्यात खिळा जातच नाही, एक तर वाकतो नाहीतर लाकूड फोडतो. शिवाय बाभळीत टॅनिन भरपूर, तिच्या सालीने चामडं कमावतात ते उगाच नाही, त्यामुळे साधा लोखंडी खिळा मारला की पावसानंतर खिळ्याभोवती काळे ओघळ येतात. एमआयडीसीतून पॅकिंगच्या पेट्यांचं पाईन आणणारे बरेच जण आहेत. स्वस्त पडतं, चालतं, पण ते अगदी वाळून कोरडं झालेलं असतं आणि आत मोडके खिळे असतात, म्हणून कापायच्या आधी लोहचुंबक फिरवून बघा. त्यावरचा शिक्का पण वाचा. एचटी म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेलं, ते घ्या. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड वायू दिलेलं, ते घरात-बागेत आणू नका.

आता सगळ्यात जास्त वगळली जाणारी गोष्ट. लाकूड आणलं त्याच दिवशी मारायचं नाही. जिथे कुंपण आहे त्याच आवारात, सावलीत, जमिनीपासून वर, एकेका थरामध्ये बारीक पट्ट्या घालून हवा खेळेल असं रचून निदान दोन आठवडे ठेवायचं. गच्चीवर उन्हात टाकायचं नाही, उन्हात एक बाजू वाळते आणि पट्टी धनुष्यासारखी वळते.

सावध: आणल्या आणल्या पट्टीच्या दोन्ही टोकांना मेण किंवा जुना ऑइल पेंट लावून टाका. टोकातून पाणी बाकीच्या अंगापेक्षा कितीतरी पट वेगाने निघून जातं, टोकं आधी आकसतात, मधला भाग तसाच राहतो, आणि चिरा तिथून सुरू होतात. एवढ्या दोन मिनिटांच्या कामाने निम्मी टोकं वाचतात असं माझं मत आहे.

## ३. कोणत्या महिन्यात काम काढायचं

ओलं, फुगलेलं लाकूड घट्ट बसवलं की ते पुढे आकसताना ताणलं जातं, आणि लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने ओढलेलं अजिबात सहन करत नाही, सरळ फाटतं. दाबलेलं मात्र बऱ्यापैकी सहन करतं. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरात घट्ट बसवलेली पट्टी एप्रिलमध्ये फुटते. याउलट मे महिन्यात बसवलेली पट्टी पावसात फुगते, जागा ठेवली नसेल तर वाकते, पण फाटण्याची शक्यता कमी.

आपल्याकडे दिवाळी झाल्यापासून ते फेब्रुवारी संपेपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला, लाकूड मधल्या अवस्थेत असतं. संक्रांतीच्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, गडबडीत कारागीर मिळत नाहीत, तेवढं धरून चाला. उन्हाळ्यातच करणं भाग असेल तर सकाळी नऊच्या आत भोकं आणि स्क्रू उरकून घ्या. दुपारी पश्चिमेकडचं पॅनल हात लावता येणार नाही इतकं तापतं.

## ४. पट्टीच्या आधी पॅनल आणि खांब

पट्टी काही कुंपणाला बळकटी देत नाही, लोकांना तसं वाटतं. पॅनल हलत असेल तर सगळा हिसका पट्टीच्या स्क्रूवर येतो.

आपली काळी माती हे इथलं मोठं कारण आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात हाताचा पंजा जाईल अशा भेगा पडतात, आणि खांब वरवर पुरलेला असेल तर तो दर वर्षी थोडा थोडा कलतो. खांब कलला की पॅनलची चौकट तिरकी होते, चौकट तिरकी झाली की पट्टी स्क्रूभोवती पिळली जाते. त्यामुळे आधी ओळंबा लावून खांब बघा. हलतोय तर पट्टीचं काम थांबवा, खांब काढून मुरूम आणि काँक्रीट भरून बसवा, काँक्रीट आठवडाभर मुरू द्या, मग पुढे.

चौकट काटकोनात आहे का हे बघायला एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत टेप धरा, मग दुसरी तिरकी लांबी घ्या. दोन्ही सारख्या आल्या पाहिजेत. ६ फुटी पॅनलमध्ये २-३ सुतांचा (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फरक चालवून घेता येतो, त्याहून जास्त असेल तर चौकटीचे जोड आधी आवळा.

फळ्यांवर जुन्या रंगाचे पापुद्रे, वाळवीची माती असेल तर ब्रशने साफ करा. वाळवीने पोखरलेली फळी बदलायलाच लागते, तिच्यावर पट्टी मारून झाकू नका.

## ५. स्क्रू, बिट, हत्यारं

हार्डवेअरच्या दुकानात "लाकडाला स्क्रू द्या" म्हटलं की हमखास काळे जिप्सम स्क्रू हातात देतात. ते जिप्सम बोर्डासाठी आहेत. बाहेर पहिल्याच पावसात गंजतात, आणि ठिसूळ असल्यामुळे टणक लाकडात डोकंच तुटून येतं. स्टेनलेस स्टील ३०४ मागा. पैसे जास्त जातात पण बाभूळ किंवा साग असेल तर दुसरं काही वापरू नका. पाईनला चांगलं गॅल्व्हनाइज्ड चालतं.

मापाचं साधं गणित सांगतो. समजा पट्टी ४ सूत जाडीची, म्हणजे साडेबारा मिलिमीटर, आणि मागची फळी ६ सूत, म्हणजे १९ मिलिमीटर. दोन्ही मिळून साडेएकतीस. त्यात ६ नंबरचा २५ मिलिमीटरचा स्क्रू बरोबर बसतो, फळीत अर्धा इंच जातो आणि मागून टोक निघत नाही. पट्टी थेट चौकटीत जात असेल तर ८ नंबरचा ४० मिलिमीटर घ्या. जाड स्क्रू म्हणजे जास्त मजबूत ही समजूत सोडा, ४ सुतांच्या पट्टीत १० नंबरचा स्क्रू घातला तर तो पाचरीसारखाच वागणार.

डोकं कुठलं हवं यावर पण बरंच अवलंबून आहे. खाली निमुळतं होत जाणारं चपटं डोकं लाकडात ओढलं गेलं की स्वतःच लाकूड फाकवतं. पातळ पट्टीला पॅन हेड, म्हणजे खालून सपाट डोक्याचा स्क्रू आणि त्याखाली स्टीलचा वॉशर, हे सगळ्यात सुरक्षित. दिसायला जरा ढोबळ दिसतं, पण बागेच्या कुंपणावर ते कोण बघतंय. चपटं डोकंच हवं असेल तर काउंटरसिंक बिट, म्हणजे डोकं बसायला भोकाचं तोंड रुंद करणारं बिट, घ्यावंच लागेल.

बाकीची यादी छोटी आहे: ड्रिल, ते क्लचवालं (ठरवलेल्या जोरानंतर आवळणं थांबवणारं) असेल तर उत्तम, २, २.५, ३, ४ आणि ४.५ मिलिमीटरची बिटं, गुण्या, पेन्सिल, बारीक दात्यांची करवत, दोन-तीन सी क्लॅम्प, गोल कानस, मेणबत्ती, डोळ्यांना चष्मा. लाइट नसेल तिथे जुनं गिरमिट (हाताने फिरवायचं भोक पाडायचं हत्यार) सुद्धा छान काम करतं, उलट हळू चालतं म्हणून लाकूड जास्त वाचतं.

सावध: भिंतीला वापरतात ते सिमेंटचं बिट लाकडाला लावू नका. ते कापत नाही, घासत आणि चिरडत जातं, भोक वेडंवाकडं होतं, कडा फाटतात. लोखंडात भोक पाडायचं एचएसएस (हाय स्पीड स्टील) बिट बारीक भोकांना चालतं.

## ६. मोजायचं, पण टोक शेवटी कापायचं

मापाची पट्टी कापतात आणि मग टोकाजवळ भोक पाडतात, सगळे असंच करतात. हा क्रम उलटा करा. पट्टी हव्या त्या मापापेक्षा दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच जास्त ठेवा, भोकं पाडून घ्या, आणि मगच टोकं मापाला कापा. भोक पाडताना त्याच्यापुढे भरपूर लाकूड असलं की बिटच्या दाबाने टोक फुटत नाही.

मापात फट सोडायला विसरू नका. पट्टीचं टोक खांबाला किंवा भिंतीला भिडत असेल तिथे २ मिलिमीटर जागा सोडा. दोन-तीन एटीएम कार्डं एकत्र मधे धरली की बरोबर अंदाज येतो. ही जागा पट्टीच्या लांबीसाठी नाही, लांबीत ती हलत नाहीच. ती खांब कलला तर आणि तिथे पाणी साचू नये म्हणून आहे. उभ्या पट्टीच्या कडेला दुसरी पट्टी येत असेल तर मात्र ३ मिलिमीटर तरी पाहिजेत, ते रुंदीच्या फुगण्यासाठी.

टोपी पट्टीचा वरचा पृष्ठभाग रंधा मारून थोडा उतरता करा, बाहेरच्या बाजूला. सपाट ठेवला तर पाणी थांबतं, आणि थांबलेलं पाणी स्क्रूच्या भोकातून आत जातं.

कापल्यावर टोक पॉलिश पेपरने हलकं घासा. करवतीने उचललेले धागे तसेच राहिले तर पुढची चीर तिथूनच सुरू होते.

## ७. रंग किंवा तेल, बसवायच्या आधी

पट्टीची मागची बाजू एकदा बसली की तिथे ब्रश जात नाही. आणि फक्त पुढच्या बाजूला रंग असेल तर मागून ओल आत शिरते, पुढून निघत नाही, पट्टी बशीसारखी वळते आणि मधोमध चिरते. म्हणून चारही बाजू आणि दोन्ही टोकं, सगळीकडे एक हात आधी, आणि टोकांना दोन-तीन हात. भोकं पाडून झाल्यावर भोकांच्या आत पण ब्रशचं टोक फिरवा.

ऑइल पेंट लावणार असाल तर आधी वुड प्रायमर. जवसाचं उकळलेलं तेल लावणार असाल तर पातळ थर, अर्ध्या तासाने जास्तीचं पुसून घ्यायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा.

सावध, हे नीट वाचा: जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना गरम होतं आणि चिंध्यांचा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो, आपल्या उन्हाळ्यात तर धोका आणखी जास्त. चिंध्या एकेक सुटी पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

## ८. भोकं पाडणं

सगळा खेळ इथे आहे, म्हणून इथे घाई करायची नाही.

जागा. टोकापासून पहिला स्क्रू निदान दीड इंच आत. कडेपासून निदान ४ सूत आत. २ इंच रुंदीच्या पट्टीला मधोमध एकच ओळ, दोन ओळी नकोत. पण सगळे स्क्रू एका सरळ रेषेत पण नकोत, एक मधल्या रेषेच्या सूतभर वर, पुढचा सूतभर खाली. कारण एकाच रेषेवर ओळीने भोकं पडली की आपण स्वतःच लाकडाला फाडायची वाट आखून देतो. अंतर फळीनुसार येईल, चौकटीवर असेल तर १२ ते १६ इंच पुरे. जास्त स्क्रू म्हणजे जास्त पक्कं असं इथे नाही, जास्त स्क्रू म्हणजे जास्त ठिकाणी अडकवलेलं लाकूड.

दोन मापांची दोन भोकं. ही गोष्ट निम्म्या लोकांना माहीतच नसते. पट्टीतलं भोक स्क्रूपेक्षा मोठं पाहिजे, स्क्रू त्यातून सहज घसरून गेला पाहिजे. मागच्या फळीतलं भोक स्क्रूपेक्षा बारीक पाहिजे, तिथेच आटे पकडणार. ६ नंबरच्या स्क्रूला पट्टीत ४ मिलिमीटर, फळीत पाईन असेल तर २ आणि साग-बाभूळ असेल तर २.५. ८ नंबरला पट्टीत ४.५ किंवा किंचित जास्त, मागे पाईनला २.५ आणि टणक लाकडाला ३.

पट्टीत पण बारीकच भोक ठेवलं तर आटे दोन्ही लाकडांत एकदम पकडतात, पट्टी आणि फळीमधली फट कधी मिटत नाही, मग आपण अजून जोर लावतो, अजून आवळतो, आणि पट्टी जाते. इतकं साधं कारण आहे आणि नाव मात्र लाकडाचं खराब होतं.

तपासा: मागच्या फळीसाठीचं बिट आणि स्क्रू डोळ्यासमोर एकापुढे एक धरा. बिटच्या मागे स्क्रूचा दांडा पूर्ण झाकला गेला पाहिजे आणि दोन्ही बाजूंना फक्त आटे दिसले पाहिजेत. दांडा दिसतोय म्हणजे बिट बारीक आहे. आटे पण दिसत नाहीत म्हणजे बिट जाड, स्क्रू फिरत राहील.

पाडायची पद्धत. पट्टीखाली टाकाऊ लाकडाचा तुकडा ठेवा आणि क्लॅम्प लावा, म्हणजे बिट खालून बाहेर पडताना मागची बाजू उखडत नाही. खिळ्याने किंवा सुंब्याने (लोखंडी पंचने) आधी बारीक खूण करा म्हणजे बिट घसरणार नाही. बिटला हव्या त्या खोलीवर रंगीत चिकटपट्टी गुंडाळा, ती लाकडाला टेकली की थांबायचं. ड्रिल सरळ धरा, वेग मध्यम, आणि मधे मधे बाहेर काढून भुसा झटका. भुसा अडकला की बिट तापतं, लाकूड जळल्याचा वास येतो, भोक कडक होतं.

चपट्या डोक्याचा स्क्रू असेल तर काउंटरसिंक आत्ताच करा आणि पट्टीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा खोल जाऊ नका.

लांबट भोक. पट्टी ३ इंचापेक्षा रुंद असेल आणि दोन ओळी लागणारच असतील तर एका ओळीला गोल भोकं, दुसऱ्या ओळीला रुंदीच्या दिशेने लांबट. ४.५ मिलिमीटरची दोन भोकं अगदी शेजारी पाडा, मधली भिंत गोल कानशीने घासून काढा. तिथे वॉशरसकट पॅन हेडच, चपटं डोकं लांबट भोकात कधीच नाही.

पहिलं भोक उरलेल्या तुकड्यावर पाडून, स्क्रू आवळून, रात्रभर ठेवून बघा. सकाळी तुकडा फुटलेला नसेल तर सगळ्या पट्ट्यांना हात लावा.

## ९. बसवणं

पट्टी जागेवर धरा, दोन क्लॅम्प लावा, पाणसळ (लेव्हल) ठेवून सरळ आहे का बघा. मग पट्टीच्या भोकांतून मागच्या फळीवर खुणा करा, पट्टी काढा, फळीत बारीक भोकं पाडा, पट्टी परत लावा. एकदम दोन्हीतून आरपार बारीक बिट घालून वेळ वाचवणारे असतात, तसं केलंत तर नंतर पट्टीतलं भोक मोठं करायला विसरू नका.

स्क्रूच्या आट्यांना मेणबत्ती घासा. बाभळीला तर घासाच. साबण पण लोक लावतात, पण साबण ओल ओढतो आणि स्क्रू गंजतो, मेणच बरं.

आवळायचा क्रम: आधी मधला स्क्रू, मग त्याच्या डावीकडचा, मग उजवीकडचा, असं दोन्ही टोकांकडे जायचं. दोन्ही टोकं आधी पक्की करून मध्ये येणं चुकीचं, पट्टीत थोडा जरी बाक असेल तर तो मध्ये अडकून राहतो. पहिल्या फेरीत सगळे स्क्रू तीन चतुर्थांशच, डोकं टेकेपर्यंत नाही. पुन्हा पाणसळ. मग दुसरी फेरी, आणि ती हाताच्या स्क्रू ड्रायव्हरने. ड्रिलने शेवटपर्यंत आवळत असाल तर क्लच कमी आकड्यावर ठेवा.

वॉशर लाकडाला टेकला आणि हाताने फिरत नाही इतपत झाला की थांबा. लाकडात रुतायला लागला म्हणजे जास्त झालं, अर्धा फेरा मागे घ्या. इथे कारागीर म्हणतात "काय होत नाही ओ, घट्ट बसू द्या की", तर त्यांना नम्रपणे थांबवा, कारण उन्हाळ्यात ते घट्टपण तुमच्याच पट्टीवर येणार आहे.

सावध: पट्टीच्या मागे ग्लू लावू नका. आडव्या पट्टीला सगळ्या फळ्यांवर चिकटवलं की वर केलेली सगळी मेहनत वाया, फळ्या हलूच शकणार नाहीत आणि स्क्रूऐवजी ग्लूच्या कडेने फुटतील.

## १०. खिळेच मारायचे असतील तर

बजेट कमी असेल किंवा पट्टी ३ सुतांची बारीक असेल तर खिळे किंवा चुका, म्हणजे बारीक खिळे, चालतात. पण नियम तेच.

खिळ्याच्या जाडीच्या पाऊण मापाचं भोक आधी. अडीच मिलिमीटरचा खिळा असेल तर २ मिलिमीटर. बिट नसेल तर त्याच मापाच्या एका खिळ्याचं डोकं पक्कडीने तोडून तो ड्रिलमध्ये लावा, काम होतं.

खिळ्याचं टोक बोथट करा. खिळा फरशीवर उलटा, डोक्यावर उभा धरायचा आणि टोकावर हातोडीने एक-दोन हलके ठोके. अणकुचीदार टोक लाकडाचे धागे दोन बाजूंना सारतं, म्हणजे फाकवतं. बोथट टोक धागे चिरडत, तोडत आत जातं, म्हणून फुटण्याची भीती कमी. पकड किंचित कमी होते ती भरून काढायला एक खिळा किंचित डावीकडे तिरका, पुढचा उजवीकडे तिरका मारा.

शेवटचे दोन ठोके हातोडीने मारू नका, सुंबा ठेवून मारा.

## ११. तरीही चीर पडलीच तर

काम चालू असताना चीर दिसली की लगेच थांबा आणि स्क्रू अर्धवट नाही, पूर्ण काढा. बारीक चीर असेल तर पट्टी उतरवा, पातळ सुरी घालून चीर किंचित उघडा, वॉटरप्रूफ ग्लू आत सोडा, दोन बाजूंनी क्लॅम्प लावून एक दिवस ठेवा. साधा पांढरा ग्लू बाहेर पावसात सुटतो. नंतर जुन्या भोकाच्या जागेवर नाही, तिथून निदान दोन इंच आत नवीन भोक.

चीर पट्टीच्या रुंदीच्या अर्ध्यापेक्षा पुढे गेली असेल किंवा मागून पण दिसत असेल तर ती पट्टी बदला. लांबी (पुट्टी) भरून, वर रंग मारून झाकलेली चीर पहिल्या उन्हाळ्यात परत उघडते, आणि तोवर आत पाणी जाऊन बुरशी धरलेली असते.

## १२. पहिलं वर्ष

पहिल्या वर्षी दोनदा बघायचं. दिवाळीच्या सुमारास, पाऊस संपल्यावर, आणि एप्रिलच्या शेवटी.

दिवाळीला: फटी बुजल्यात का, कुठे पट्टी फळीपासून उचलली गेलीय का, टोकांचा रंग पोपडलाय का. बुजलेल्या फटीत करवतीचं पान एकदा फिरवा. टोकांना पुन्हा एक हात तेल किंवा रंग.

एप्रिलला: सैल झालेले स्क्रू. लाकूड आकसलंय म्हणून वॉशर हाताने फिरायला लागतील, ते बरोबरच आहे, तिथे घट्ट पिळायचं नाही, लाकूड हलू शकेल इतपत पाव फेरा बास. एखादा स्क्रू नुसताच फिरत असेल, पकडतच नसेल, तर जाड स्क्रू घालू नका. स्क्रू काढा, मागच्या फळीतल्या भोकात त्याच लाकडाची बारीक काडी वॉटरप्रूफ ग्लू लावून ठोका, ग्लू पट्टीपर्यंत ओघळू देऊ नका, एक दिवस वाळू द्या, वर आलेला भाग पटाशीने कापा, आणि त्यात परत बारीक भोक पाडून जुनाच स्क्रू लावा.

बागेला पाणी घालताना पाइपचा फवारा कुंपणावर मारायची सवय असेल तर ती बंद करा. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, वाळल्यावर पांढरे डाग राहतात, आणि रोज दुपारी तापलेल्या पट्टीवर संध्याकाळी पाणी पडलं की सप्टेंबर आणि मे दोन्ही एकाच दिवसात तिच्यावर येतात. पाणी मुळाशी सोडा, आणि वेल असतील तर ते पट्टीला नाही, चौकटीला किंवा वेगळ्या तारेला बांधा.